ओकांच्या नावाचं गाव

ल्युब्लियानाहून समुद्राकडे जाणारा महामार्ग चर्नी कालपाशी एकदम हवेत जातो. इथवर गाडी चुनखडीच्या पठारावरून धावत असते. अचानक पठार संपतं, समोर कडा येतो आणि रस्ता 1065 मीटर लांबीच्या पुलावरून खाली उतरू लागतो. 2004 मध्ये वाहतुकीला खुला झालेला हा पूल दरीच्या तळापासून 95 मीटरपर्यंत उंच आहे. स्लोव्हेनियाच्या किनाऱ्यावर सुट्टीला जाणारे बहुतेक प्रवासी खिडकीतून एकदा खाली बघतात आणि पुढे पिरानच्या बंदराकडे निघून जातात. मी तिथे महामार्ग सोडला. कड्याच्या पायथ्याने वळणं घेत जाणारा अरुंद रस्ता मला ह्रास्तोवल्ये नावाच्या गावाकडे नेणार होता. टेकडीच्या कुशीत थोडी घरं, द्राक्षाचे मळे, ऑलिव्हची झाडं, आणि जरा बाजूला एका उंचवट्यावर तटबंदीच्या आत उभं असलेलं राखाडी दगडी चर्च. एवढंच हे गाव.

चर्चमधल्या भित्तिचित्रांमुळे ह्रास्तोवल्येचं नाव कलेच्या इतिहासात पोचलं, आणि येणारे बहुतेक जण ती चित्रं पाहून परत फिरतात. मला मात्र गावाच्या नावाचंही तितकंच कुतूहल होतं. हा मुलूख असा आहे की इथली जमीन वाचायची तर गावांच्या नावांपासूनच सुरुवात करावी लागते.

जमिनीचं आधी सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. वरचं पठार म्हणजे कार्स्ट. चुनखडीच्या झिजेतून तयार होणाऱ्या अशा भूप्रदेशाला जगभरचे भूगर्भशास्त्रज्ञ जे नाव देतात, ते याच पठाराच्या नावावरून आलेलं आहे. पावसाचं पाणी तिथे टिकत नाही, फटींतून आत उतरतं आणि जमिनीखालून वाहत राहतं. पठार जिथे तुटतं त्या कड्याला इथले लोक क्राश्की रोब, म्हणजे कार्स्टची कड म्हणतात. कड्याखाली खडक बदलतो. इथे वाळूचा दगड आणि चिकण मातीचा ठिसूळ दगड यांचे थरावर थर आहेत. त्यांना फ्लिश म्हणतात. फ्लिशमधून पाणी झिरपत नाही, त्यामुळे वर हरवलेलं पाणी इथे झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतं. रिझाना नदी अशीच कड्याच्या पायथ्याशी उगम पावते, आणि किनाऱ्यावरच्या शहरांना गेली कित्येक दशकं तिचंच पाणी मिळतं. वर कोरडा दगड, खाली ओल धरणारी माती. माणसं कुठे राहिली असतील हे वेगळं सांगायला नको.

आता नावं बघा. चर्नी काल म्हणजे काळं तळं. ‘काल’ हा शब्द गुरांना पाणी पाजण्यासाठी राखलेल्या तळ्याचा आहे. ज्या पठारावर वाहतं पाणीच नाही, तिथे असं तळं असणं ही गावाची सगळ्यात मोठी ओळख ठरली. पोदपेच म्हणजे खडकाखालचं. ते गाव खरोखरच कड्याला पाठ लावून बसलंय आणि त्याच्या डोक्यावर एक जुना टेहळणी बुरूज आहे. झाझीद म्हणजे भिंतीमागचं. बेझोवित्साच्या नावात बेझेग आहे, पांढऱ्या फुलांच्या झुबक्यांचं झुडूप. राकितोवेत्सच्या नावात राकिता, ओल्या जागी वाढणारी एक जातीची विलो. दोल म्हणजे दरी. प्रेदलोका म्हणजे लोकाच्या अलीकडचं, आणि लोका म्हणजे ओलसर कुरण. हातात नकाशा नसला तरी या नावांवरून चालत जाता येईल: खडक कुठे, पाणी कुठे, सखल कुरण कुठे, झाडी कसली. यांत एकाही राजाचं किंवा सरदाराचं नाव नाही. जागा पाहून, तिच्यात उपयोगाचं काय आहे ते हेरून शेतकऱ्यांनी ठेवलेली ही नावं आहेत. वडगाव, पिंपळगाव, बोरगाव असं म्हणतच मोठे झालेल्या मराठी वाचकाला ही रीत परकी वाटणार नाही.

ह्रास्तोवल्ये त्यातलंच. ‘ह्रास्त’ म्हणजे ओक, आणि ‘ह्रास्तोव’ म्हणजे ओकाचा. गावाचं नाव या शब्दातून वाढलं. आपल्याकडे कुमाऊँ-गढवालच्या वाटांवर भेटणारा बांज हा याच कुळातला वृक्ष. स्लोव्हेन माणसाला मात्र एका ‘ओक’ शब्दावर भागवता येत नाही. सर्वसाधारण ओक तो ह्रास्त. सखल, ओल्या जमिनीतला मोठा ओक तो दोब. डोंगरउतारावरचा ग्रादेन. खोलवर कातरलेल्या पानांचा आणि केसाळ वाटीच्या फळांचा त्सेर. या चुनखडीच्या मुलखात सगळ्यात जास्त दिसतो तो पानांच्या खालच्या बाजूला मऊ लव असलेला बुटका ओक. कोरड्या दगडावर, बोरा नावाच्या थंड ईशान्य वाऱ्याचे तडाखे सोसत तो वाकडातिकडा वाढतो. यांतल्या बहुतेक शब्दांची गावं झालेली आहेत. सावा नदीकाठचं ह्रास्तनिक, ठिकठिकाणची ह्रास्त्ये आणि ह्रास्तोवेत्स, दोबवरून दोब्ये आणि दोब्रोवा, त्सेरवरून त्सेरोवेत्स. देशाच्या नकाशावर ओकांचं रानच उगवलंय म्हणा ना.

ओकाला एवढं महत्त्व का, हे जुनी शेती समजून घेतली की कळतं. ओकाची फळं, एकॉर्न, हा डुकरांचा खुराक होता. शरद ऋतूत डुकरं ओकांखाली चरायला सोडायची, हिवाळ्याच्या तोंडावर कापायची आणि मांस धुरावून किंवा वाळवून वर्षभर पुरवायचं. घराचं आढं, दाराची चौकट, दारूची पिंपं, द्राक्षवेलींना आधार देणारे खांब, चुलीतलं सरपण, सगळं ओकाचंच. व्हेनिसचं आरमारही इस्त्रियाच्या, म्हणजे हे गाव ज्या द्वीपकल्पात आहे त्याच्या, ओकांवर उभं होतं. दक्षिणेला मिर्ना नदीच्या खोऱ्यातलं मोतोवूनचं ओकरान तर व्हेनिसच्या जहाजबांधणीसाठी राखून ठेवलेलं होतं. तेव्हा नव्या जागी घर बांधायला निघालेल्या माणसाने आसपास ओक आहेत का हे आधी पाहिलं, आणि ते आहेत म्हणून जागेला त्यांचंच नाव दिलं, यात नवल नाही.

या नावातला आणखी एक बारकावा मला फार आवडतो. ह्रास्तोवल्ये हे व्याकरणाने अनेकवचन आहे. ‘ह्रास्तोवल्येत’ असं स्लोव्हेनमध्ये म्हणायचं तर अनेकवचनाचा प्रत्यय लावून ‘व ह्रास्तोवल्याह’ म्हणावं लागतं. शेजारच्या वाडीचं नाव ‘दोल प्री ह्रास्तोवल्याह’, म्हणजे ह्रास्तोवल्येजवळची दरी, आणि तिच्या पाटीवर हे अनेकवचन ठळक अक्षरांत उभं आहे. स्लाव्ह भाषांमधल्या अनेकवचनी गावनावांत पुष्कळदा मूळ अर्थ तिथल्या रहिवाशांचा असतो: टेकडीवरचे, नदीपल्याडचे, कुरणाकडचे. आधी माणसांना ओळखायचं, मग त्यांच्या ओळखीनेच गाव ओळखू लागायचं. ह्रास्तोवल्ये हे नाव उच्चारलं की माझ्या डोळ्यांपुढे एकटं झाड येत नाही. ओकांच्या आधाराने राहणारा माणसांचा घोळका येतो.

हे स्लाव्ह लोक इथे आले कधी? सहाव्या शतकाच्या अखेरीपासून ते आल्प्स आणि एड्रियाटिकच्या मधल्या या प्रदेशात उतरू लागले. या गावापासून जवळच, रिझानाच्या काठी, 804 मध्ये एक सभा भरली होती. इस्त्रिया तेव्हा नुकताच शार्लमेनच्या फ्रँक साम्राज्यात गेला होता. तिथल्या शहरांच्या प्रतिनिधींनी सम्राटाच्या दूतांपुढे आपल्या ड्यूकविरुद्ध तक्रारींचा पाढा वाचला. वाढीव कर, वेठबिगार, बळकावलेली कुरणं. आणि एक तक्रार अशी की ड्यूकने आमच्या जमिनींवर स्लाव्ह लोक आणून बसवले आहेत. सभेचा हा वृत्तान्त लेखी स्वरूपात टिकून आहे आणि इतिहासकार तो रिझानाचा करार म्हणून ओळखतात. त्यात ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्या स्लाव्हांचं स्वतःचं म्हणणं एका ओळीतही नाही. लिहिणारे लॅटिनवाले होते, शहरातले होते. गावकऱ्यांची बाजू कागदावर आलीच नाही. त्यांनी जमिनीवर ठेवलेली नावं मात्र उरली, आणि म्हणूनच मला ती इतकी मोलाची वाटतात.

पुढे इथे सत्ता बदलत राहिल्या. किनाऱ्यावरचं कोपेर शहर 1279 मध्ये व्हेनिसकडे गेलं आणि 1797 मध्ये ते प्रजासत्ताक कोसळेपर्यंत त्याच्याकडेच राहिलं. व्हेनिसचा मुलूख कुठे संपतो आणि हॅब्सबुर्गांचा कुठे सुरू होतो ती सीमा याच डोंगरांतून जात होती. त्यानंतर ऑस्ट्रिया, मध्ये काही वर्षं नेपोलियनचे इलिरियन प्रांत, परत ऑस्ट्रिया. पहिल्या महायुद्धानंतर इटली, दुसऱ्या महायुद्धानंतर युगोस्लाव्हिया, आणि 1991 पासून स्वतंत्र स्लोव्हेनिया.

या प्रत्येक फेऱ्यात नावांना हात लागला. इटालियन कागदपत्रांत हे गाव क्रिस्तोल्ये म्हणून येतं. स्लोव्हेनमधला सुरुवातीचा ‘ह्र’ इटालियन जिभेला पेलत नाही, तिथे ‘क्र’ आला. ऐकणाऱ्याला वाटावं की हे ख्रिस्तावरून पडलेलं नाव असणार, आणि वर टेकडीवर चर्चही आहे! पण त्या नावाच्या आत ओकच आहे, फक्त त्याचं सोंग बदललेलं. फॅसिस्ट राजवटीत तर स्लोव्हेन आडनावांची सक्तीने इटालियन रूपं करण्यात आली आणि शाळांतून स्लोव्हेन भाषा हद्दपार झाली. युद्धानंतर वारं उलट्या दिशेने फिरलं. तेव्हाच्या कम्युनिस्ट सरकारने 1948 मध्ये कायदा केला आणि स्लोव्हेनियातल्या अनेक गावांच्या नावांतून संतांना वगळलं. कोपेरजवळच्या स्वेती आंतोन, म्हणजे संत अँथनी, या गावाचं प्रिदवोर झालं. बऱ्याच वर्षांनी त्याला त्याचं जुनं नाव परत मिळालं. ह्रास्तोवल्येला या खेपेला कुणी हात लावला नाही. ओकाचा कुठल्या धर्माशी किंवा पक्षाशी संबंध जोडणार? शेतकऱ्यांनी दिलेलं साधं नाव म्हणूनच ते वाचलं असं मला वाटतं.

आता चर्चकडे. पवित्र त्रैक्याचं हे चर्च बाराव्या शतकातल्या रोमनेस्क धाटणीचं आहे. स्थानिक दगडाच्या भिंती आणि छपरावरही दगडाच्याच पातळ फरशा. भोवतीचा उंच तट सोळाव्या शतकातला. तुर्की स्वाऱ्यांची धास्ती तेव्हा या सगळ्या मुलखावर होती. धाड आली की गावकरी बायकापोरांसह या तटाच्या आत येत. लांबून पाहिलं तर चर्चपेक्षा गढीच जास्त वाटते. फाटकातून आत गेल्यावर अंगण इतकं अरुंद आहे की चर्चचा दर्शनी भाग नीट बघायलाही पुरेशी जागा मिळत नाही. दार लहान आहे आणि आत अंधार.

डोळे सरावले की मात्र पाऊल अडतं. रिकामी अशी जागाच नाही. दोन ओळींतल्या खांबांनी त्या चिमुकल्या चर्चचे तीन भाग केले आहेत आणि छत, भिंती, कमानी सगळं रंगवलेलं आहे. मधल्या छतावर सृष्टीची उत्पत्ती: एकेका दिवसाचं काम एकेका चौकटीत, मग आदम आणि हव्वा, केन आणि आबेल. बाजूच्या छतांवर वर्षाचे बारा महिने आणि त्या त्या महिन्यांतली शेतकऱ्याची कामं. उत्तरेच्या भिंतीवर तीन राजांचा लवाजमा बाळ येशूकडे निघालाय. दक्षिणेच्या भिंतीवर येशूच्या यातनांची कथा. अक्षरओळख नसलेल्या माणसासाठी हे अख्खं बायबल होतं, आणि त्याला जोडून स्वतःच्या शेतीचं पंचांगही. बारा महिन्यांची चित्रं मी सगळ्यात जास्त वेळ पाहिली. देवाने जग निर्माण केल्याच्या चित्राशेजारी माणसाने वर्षभर राबण्याचं चित्र असावं, यातून चित्रकाराने गावकऱ्यांना दिलेला मान दिसतो.

चित्रकाराचं नाव आणि साल दोन्ही भिंतीवरच्या लेखात आहेत. कास्तवच्या यानेझने 1490 मध्ये हे काम पुरं केलं. कास्तव आज क्रोएशियात, रियेका बंदराच्या जवळ आहे. काम करवून घेणारा होता शेजारच्या कूबेद गावचा पाद्री तोमिच व्हर्होविच. पुढे केव्हातरी भिंतींना चुना लागला, थरावर थर चढले आणि चित्रं दिसेनाशी झाली. ती पुन्हा उजेडात आणली याच गावच्या योझे पोहलेन या शिल्पकाराने, 1949 मध्ये. गिलाव्याखाली रंग आहेत हे त्याच्या ध्यानात आलं, आणि मग जाणकारांनी हळूहळू थर काढत अख्खं चर्च मोकळं केलं. चुन्याने झाकली गेली म्हणूनच ती शतकानुशतकांच्या धुरापासून आणि माणसांच्या हातांपासून वाचली असतील.

लोक इतक्या लांबून येतात ते दक्षिण भिंतीच्या खालच्या पट्ट्यासाठी. तिथे मृत्यूचं नृत्य आहे. हाडांचे सापळे माणसांचे हात धरून त्यांना ओळीने चालवत नेताहेत. पोप आहे, राजा आहे, राणी आहे. कार्डिनल, बिशप, साधासा भिक्षू, शहरी गृहस्थ, व्यापारी, तरुण, कुबडीवरचा पांगळा भिकारी, आणि शेवटी पाळण्यातून नुकतं उठवलेलं मूल. ओळीच्या टोकाला उघडी कबर आहे आणि तिच्याशी दगडी आसनावर खुद्द मृत्यू बसलाय. व्यापारी पैशाच्या थैलीकडे हात नेतो आणि काही देवाणघेवाण होते का ते पाहतो. सापळ्याला त्यात काडीचाही रस नाही. मला सगळ्यात जास्त पटला तो या मिरवणुकीचा सावकाशपणा. आरडाओरड नाही, कुणाची फरफट नाही. सापळे जवळजवळ अदबीने चालतात. युरोपात प्लेगच्या साथींनंतर हा विषय ठिकठिकाणी रंगवला गेला. मोठ्या शहरांतल्या भिंती आगीत, युद्धांत आणि पाडापाडीत गेल्या. इथला पट्टा जवळजवळ पूर्ण टिकला, हे या आडबाजूच्या गावाचं भाग्य.

सापळ्यांसमोरून हलल्यावर भिंतींकडे जरा जवळून बघा. चित्रांवर बारीक ओरखडे दिसतील. त्यातली बरीचशी ग्लागोलिती लिपीतली अक्षरं आहेत. नवव्या शतकात संत किरिलने स्लाव्ह भाषेसाठी घडवलेली ही लिपी. पश्चिम ख्रिस्ती जगात लॅटिनचा अंमल असताना इस्त्रिया आणि क्वार्नेरच्या परिसरातले पाद्री ती वापरत राहिले, स्लाव्ह भाषेतच प्रार्थना म्हणत राहिले. इथे येऊन गेलेल्या पाद्र्यांनी भिंतीवर आपल्या नोंदी कोरून ठेवल्या. आज संरक्षित वास्तूवर असं कुणी केलं तर आपण त्याला धारेवर धरू, आणि धरायलाच हवं. पण हे ओरखडे पाहताना मला 804 च्या सभेची आठवण झाली. तिथे ज्यांना शब्द नव्हता त्यांच्या वंशजांची भाषा इथे त्यांच्याच अक्षरांत भिंतीवर आहे.

चर्चमधून बाहेर पडून गावात उतरलात तर पोहलेननेच घडवलेला शाव्रिंकाचा पुतळा पाहायला विसरू नका. शाव्रिंका म्हणजे या टेकड्यांमधली शेतकरी बाई. या बायका इस्त्रियाच्या आतल्या गावांतून फिरून अंडी गोळा करत, ती त्रिएस्तेच्या बाजारात नेऊन विकत आणि परतताना सुया, दोरे, कापड असा माल घेऊन येत. कित्येक कोस चालायचं, बरोबर गाढव असलं तर त्याच्या पाठीवर ओझं, नसलं तर स्वतःच्या डोक्यावर. गावोगावची नावं, वाटा, कुणाच्या घरी किती कोंबड्या आणि कुणाच्या घरी लग्न, हे सगळं त्यांच्या तोंडी असे. मधल्या सीमा बदलल्या, नाणी बदलली, तरी त्यांची फेरी चालू राहिली. लिखित इतिहासात नसलेल्या इस्त्रियाच्या खऱ्या दळणवळण मंत्री याच होत्या, असं मी म्हणेन.

आता गाव शांत आहे, पण बंदिस्त नाही. उतारावरून रेल्वेमार्ग जातो. कोपेर बंदरासाठी 1967 मध्ये सुरू झालेला हा मार्ग कार्स्टच्या पठारावरून मोठमोठी वळणं घेत खाली येतो, आणि मालगाड्यांची घरघर चर्चच्या तटापाशीही ऐकू येते. द्राक्षमळे राखलेले आहेत. रेफोश्क ही गडद लाल वाइन आणि माल्वाझिया ही पांढरी, दोन्ही इथल्या मातीतल्या. रेफोश्कची चव आंबटसर आणि तुरट असते, धुरावलेल्या मांसाबरोबर ती छान जुळते. ओकही आहेत, अर्थातच. गावठाणाच्या वर, शेती सोडून दिलेल्या उतारांवर ते पुन्हा पसरू लागले आहेत. जुने दगडी बांध त्यांच्या मुळांखाली सुटत चालले आहेत.

जमलं तर इथून पुढे कूबेदला जा. रस्ता चढाचा आहे, पण अंतर फार नाही. गाव उंचवट्यावर आहे आणि तिथला पाच कोनांचा घंटाघराचा मनोरा मुळात संरक्षणासाठी बांधलेला होता. ह्रास्तोवल्येच्या भिंती रंगवायला कास्तवच्या यानेझला बोलावणारा तोमिच व्हर्होविच इथलाच पाद्री. वेळ आणखी असेल तर सीमा ओलांडून क्रोएशियातल्या बेरामपर्यंत जाता येतं. तिथल्या रानातल्या छोट्या चर्चमध्ये 1474 मध्ये कास्तवच्याच विन्सेंट नावाच्या दुसऱ्या चित्रकाराने रंगवलेलं मृत्यूचं नृत्य आहे, आणि तिथे ही मिरवणूक दाराच्या वर आहे.